निवडून आलेल्याला सभागृहानं हाकलावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी वादग्रस्त माणूस निवडून आला की निकालाच्या संध्याकाळपासूनच सुरू होतं, याला आत घेऊच नका, याची आमदारकी रद्द करा, खासदारकी काढून घ्या. आणि तोच माणूस आपल्या बाजूचा असला की तेच लोक म्हणतात जनतेचा कौल आहे, हात लावून बघा. नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतले, सगळ्यांनी हे प्रश्न मला इतक्या वेळा विचारलेत की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

अपात्र ठरवणं, निलंबन आणि हाकलणं, एकच ना सगळं?

नाही हो, आणि अर्धी भांडणं इथंच होतात. अपात्र ठरणं हे कायद्यानं होतं. म्हणजे कोर्टानं दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा दिली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार पद जातं, त्यात सभागृहाला मत द्यायचं काही नसतं. राहुल गांधींचं २०२३ मध्ये तेच झालं, २३ मार्चला सुरतच्या कोर्टानं शिक्षा दिली, २४ ला खासदारकी गेली, ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि ७ ला परत मिळाली. त्याला लोक "संसदेनं हाकललं" म्हणतात पण ते तसं नव्हतं. निलंबन म्हणजे काही दिवस बाहेर बसा, पद तुमचंच. आणि हाकलणं, म्हणजे पेपरवाले ज्याला बडतर्फी म्हणतात, ते म्हणजे बाकीच्या सदस्यांनी मत देऊन एका सदस्याची जागाच रिकामी करायची. पक्षांतराचा कायदा तर चौथीच गोष्ट आहे, ती इथं नको.

घटनेत हाकलायचं कलम कुठलं?

असं सरळ कलमच नाही. कलम १०५ संसदेसाठी आणि १९४ विधिमंडळासाठी, त्यात विशेषाधिकार आहेत, आणि ते मूळचे ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सकडे, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहाकडे, जे होते ते, असं मूळ घटनेत लिहिलं होतं. मग कॉमन्सला हाकलायचा अधिकार होता म्हणून आपल्यालाही आहे का, यावर हायकोर्टांमध्ये वर्षानुवर्षं वेगवेगळे निकाल होते. पंजाब-हरयाणा म्हणालं नाही, मद्रास म्हणालं आहे. शेवटी १० जानेवारी २००७ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की अधिकार आहे, पण तो कसा वापरला ते कोर्ट तपासू शकतं. विरोधात मत देणारे न्या. रवींद्रन यांचं म्हणणं होतं की पद कसं जातं ते घटनेनं कलमं लिहून सांगितलंय, त्याच्या बाहेरून आणखी एक दार काढू नका. मला अजूनही तो एकटा आवाज पटतो. पण कायदा आज बहुमताचा आहे.

तुमचं मत काय ते आधी सांगा

मी एकच गोष्ट विचारतो. मतदान झालं त्या दिवशी मतदारांना हे माहीत होतं का? माहीत असूनही त्यांनी निवडून दिलं असेल तर सभागृहानं हात लावू नये, मग तो माणूस मला कितीही नकोसा असला तरी. आणि माहीत नसेल, किंवा त्यानं ते निवडून आल्यावर सदस्य म्हणूनच केलं असेल, उदाहरणार्थ सभागृहात प्रश्न विचारायला पैसे घेतले, तर सभागृहाला अधिकार असावा. तोही पूर्ण चौकशी करून, त्याचं ऐकून घेऊन, आणि मोठ्या बहुमतानं.

चिकमगळूरचं प्रकरण नेमकं काय होतं?

हे मी जरा लांबून सांगतो कारण आपल्या देशात याच्याइतका मोठा धडा दुसरा नाही.

मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या. आणीबाणीचा राग होता, लोकांनी तो मतपेटीतून काढला. मग नोव्हेंबर १९७८ मध्ये कर्नाटकातल्या चिकमगळूरची जागा त्यांच्यासाठी रिकामी केली गेली आणि पोटनिवडणुकीत वीरेंद्र पाटलांना ७० हजारांहून जास्त मतांनी हरवून त्या लोकसभेत आल्या. आता बघा, चिकमगळूरच्या मतदाराला आणीबाणी माहीत नव्हती का? देशातल्या शेंबड्या पोराला माहीत होती. तरी त्यांनी निवडून दिलं.

आणि एका महिन्यात, १९ डिसेंबर १९७८ ला, लोकसभेनं त्यांना हाकललं. नुसतं हाकललं नाही, अधिवेशन संपेपर्यंत जेलमध्येही टाकलं. आरोप काय होता, तर पंतप्रधान असताना, आधीच्या लोकसभेच्या काळात, मुलगा संजय यांच्या मारुती कंपनीबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर तयार करायला माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना अडवलं, त्रास दिला, त्यांच्यामागे खोट्या केसेस लावल्या. हक्कभंगाचा मुद्दा लावून धरणाऱ्यांत आपले मधू लिमयेही होते. विशेषाधिकार समितीनं दोषी धरलं, ठराव खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी मांडला, बाजूनं २७९, विरोधात १३८, आणि ३७ जण तटस्थ.

आरोप हलका नव्हता हे मी पुन्हा सांगतो. सरकारी बाबूनं संसदेसाठी माहिती गोळा केली म्हणून त्याच्या घरावर धाडी पडत असतील तर ती भयंकर गोष्ट आहे, आणि त्याची केस कोर्टात चालायला हवी होती, साक्षीपुरावे, उलटतपासणी, सगळं. पण झालं काय, ज्यांना त्यांनी जेलमध्ये टाकलं होतं तेच आता समोर बसून निकाल देत होते. कितीही खरे असले तरी ते न्यायाधीश दिसणार नव्हते, बदला घेणारेच दिसणार होते.

दुसऱ्या दिवशी, २० डिसेंबरला, दोन तरुणांनी इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून वाराणसीला उतरवलं, मागणी काय तर इंदिराजींना सोडा. हातातलं पिस्तूल खेळण्यातलं होतं. २६ डिसेंबरला अधिवेशन संपलं आणि त्या तिहारमधून बाहेर आल्या त्या हरलेल्या नेत्या म्हणून नाही, अन्याय झालेली बाई म्हणून. जुलै १९७९ मध्ये जनता सरकार पडलं, जानेवारी १९८० मध्ये त्या रायबरेली आणि मेडक दोन्हीकडून निवडून येऊन परत पंतप्रधान. आणि ७ मे १९८१ ला नव्या लोकसभेनं आधीच्या लोकसभेचा तो ठराव रद्द करून टाकला. म्हणजे ज्या बहुमतानं शिक्षा दिली ते गेलं, दुसरं बहुमत आलं आणि शिक्षा पुसली गेली. मग त्या अधिकाऱ्यांना न्याय मिळाला का? त्यांचं नाव आज कुणाला आठवत पण नाही, मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मग हाकलणं कधी बरोबर ठरलं असं एखादं उदाहरण आहे का?

आहे, अमेरिकेच्या संसदेतल्या खालच्या सभागृहाचा सदस्य जॉर्ज सँटोस. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा न्यूयॉर्कच्या तिसऱ्या मतदारसंघातून निवडून आला, आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की याचा बायोडेटाच खोटा आहे. बरूक कॉलेजची डिग्री सांगितली, नव्हती. गोल्डमन सॅक्स आणि सिटीग्रुपमध्ये काम केलं म्हणाला, केलं नव्हतं. म्हणजे मतदारांनी ज्याला मत दिलं तो माणूस अस्तित्वातच नव्हता.

तरीसुद्धा लगेच हाकललं नाही, आणि मला यातलं हेच आवडतं. मे २०२३ मध्ये फौजदारी आरोप लागले, १३, नंतर वाढून २३ झाले. १ नोव्हेंबर २०२३ ला हाकलायचा पहिला ठराव आला तो पडला, १७९ विरुद्ध २१३. विरोधी पक्षातल्याही काहींनी तेव्हा नाही म्हटलं कारण चौकशी पूर्ण नव्हती. मग १६ नोव्हेंबरला एथिक्स कमिटीचा, म्हणजे सदस्यांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीचा, रिपोर्ट आला, त्यात प्रचाराच्या पैशातून बोटॉक्स आणि महागड्या ब्रँडची खरेदी, सगळं पावत्यांसकट. आणि १ डिसेंबरला ठराव ३११ विरुद्ध ११४ नं पास झाला. तिथं दोन तृतीयांश लागतात. त्याच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षाच्या १०५ जणांनी त्याच्या विरोधात मत दिलं, आणि तेही त्यांचं बहुमत अगदी काठावर असताना. मतं मोजून होईपर्यंत तो थांबला पण नाही, कोट खांद्यावर टाकून निघून गेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोटनिवडणूक झाली, जागा विरोधी पक्षाकडे गेली. ऑगस्टमध्ये त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला, एप्रिल २०२५ मध्ये ८७ महिन्यांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्पनी ती कमी करून त्याला सोडलं, तो भाग वेगळा.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो. तिथल्या एका छोट्या लोकल पेपरनं निवडणुकीआधीच त्याच्या पैशांबद्दल शंका छापली होती. मग "मतदारांना माहीत होतं" म्हणायचं का? माझं म्हणणं असं की एका कोपऱ्यात छापून येणं आणि मतदारापर्यंत पोचणं यात फरक आहे, पण हो, ही रेघ कुठं ओढायची यावर वाद होऊ शकतो.

महाराष्ट्रात असं झालंय का?

झालंय ना. जांबुवंतराव धोटे, यवतमाळचे, १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले, आणि १९६४ मध्ये सभागृहात अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला म्हणून विधानसभेनं त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी परत त्यांनाच निवडून दिलं! पेपरवेट फेकणं चूकच, डोक्याला लागलं असतं तर काय. पण शिक्षा निलंबनाची पुरेशी होती, जागा रिकामी करायची गरज नव्हती, आणि यवतमाळकरांनी ते सभागृहाला मतानंच सांगितलं.

अलीकडचं म्हणजे ५ जुलै २०२१. ओबीसी आरक्षणाच्या गोंधळात तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केलं म्हणून भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, म्हणाले निलंबन त्या अधिवेशनापुरतंच. यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कोर्ट म्हणालं की वर्षभराचं निलंबन हे हाकलण्यापेक्षाही वाईट, कारण हाकललं तर निदान पोटनिवडणूक होऊन दुसरा माणूस येतो, इथं मतदारसंघाला जागा असून कुणी नाही. म्हणजे शिक्षा आमदाराला होत नाही, त्याच्यामागच्या लाखो माणसांना होते.

जागा रिकामी राहिली तर सामान्य माणसाचं काय बिघडतं?

हे विचारणाऱ्यांना मी मामींची गोष्ट सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या स्टिंगमध्ये सापडलेल्या ११ खासदारांना २३ तारखेला एकाच दिवशी हाकललं, १० लोकसभेचे आणि १ राज्यसभेचा. त्यातले दोन खानदेशातले, जळगाव आणि एरंडोल. माझं आजोळ त्याच पट्ट्यात. टीव्हीवर नोटा घेताना दिसले तेव्हा मामा काही बोलले नाहीत, फक्त आवाज बंद केला आणि चित्र बघत बसले. त्या हाकलण्याला माझा विरोध नाही, माझ्या कसोटीत ते बरोबर बसतं, सदस्य म्हणून केलेली गोष्ट, मतदारांना आधी माहीत नसलेली, आणि हाकलले गेलेले एकाच नाही तर बऱ्याच पक्षांचे होते.

पण पुढच्या वर्षी मामींच्या हार्टचं ऑपरेशन निघालं. पंतप्रधान मदत निधीसाठी अर्ज करायचा तर सोबत खासदाराचं पत्र जोडा असं सगळे सांगत होते. खासदारच नाही! मामा अर्जाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजारच्या मतदारसंघात दोन चकरा मारून आले, तिथं सांगितलं की आधी आमची माणसं. कोर्टकचेरी चालू होती, पोटनिवडणूक झाली ती २००७ मध्ये. पत्र शेवटी ओळखीनं मिळालं, मामी आज ठणठणीत आहेत, पण ती पिशवी मला विसरता येत नाही.

महुआ मोइत्रांना हाकललं ते बरोबर की चूक?

या तृणमूल काँग्रेसच्या खासदार. आरोप होता की पैसे आणि भेटवस्तू घेऊन प्रश्न विचारले आणि संसदेच्या पोर्टलचा लॉगिन पासवर्ड एका उद्योगपतीला दिला. पासवर्ड दिल्याचं त्यांनी मान्य केलं, पैसे घेतल्याचं नाकारलं. आरोप खरा की खोटा यावर मी बोलत नाही, पद्धतीवर बोलतो. एथिक्स कमिटीत ६ विरुद्ध ४. ८ डिसेंबर २०२३ ला दुपारी १२ वाजता शेकडो पानांचा रिपोर्ट मांडला, २ वाजता चर्चा. विरोधक म्हणत होते वाचायला तरी वेळ द्या. ज्यांना हाकलायचं त्यांना सभागृहात बोलू दिलं नाही, कारण सांगितलं की २००५ मध्येही दिलं नव्हतं. मग आवाजी मतदान, आणि संपलं. गावात भाऊबंदकीची पंचायत बसली तरी समोरच्याला बोलू देतात. ज्या बाईला लाखो लोकांनी निवडून दिलं तिचं दहा मिनिटं ऐकून घ्यायला काय हरकत होती? २०२४ मध्ये त्या कृष्णनगरमधूनच परत निवडून आल्या.

हाकललेला माणूस परत उभा राहू शकतो?

हो. वरची इंदिरा गांधी, धोटे आणि मोइत्रा यांची उदाहरणं तीच आहेत. हाकलल्यानं जागा जाते, हक्क जात नाही. इंग्लंडमध्ये १७६९ मध्ये जॉन विल्क्सला हाकललं, लोकांनी परत परत निवडून दिलं, शेवटी संसदेनं हरलेल्यालाच विजयी म्हणून बसवलं, ११४३ मतंवाला बाहेर आणि २९६ मतंवाला आत. १७८२ मध्ये तो ठराव त्यांना स्वतःच्याच वहीतून खोडावा लागला.

मग आत येऊच द्यायचं नाही, शपथच द्यायची नाही, असं चालेल का?

हे तर अजिबात नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आला, नास्तिक होता, म्हणून देवाच्या शपथेवरून त्याला बसूच दिलं नाही. लोकांनी पोटनिवडणुकीत तीनदा परत पाठवला, शेवटी १८८६ मध्ये बसायला मिळालं. हाच ब्रॅडलॉ पुढं भारताच्या बाजूनं पार्लमेंटमध्ये बोलायचा, आणि १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. त्याला बाहेर ठेवलं असतं तर आपलं म्हणणं मांडणारा तिथला एक माणूस कमी झाला असता. अमेरिकेतही ॲडम क्लेटन पॉवेलला १९६७ मध्ये सभागृहानं घेतलं नाही, १९६९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वय, नागरिकत्व, रहिवास या घटनेतल्या अटी जो पूर्ण करतो त्याला अडवता येणार नाही.

जेलमधून निवडून आला तरी?

तरी. मुंबईकरांना जॉर्ज फर्नांडिस माहीत आहेत. १९७७ मध्ये बडोदा डायनामाइट केसमध्ये जेलमध्ये असताना मुझफ्फरपूरमधून निवडून आले आणि केंद्रात मंत्री झाले. तेव्हाच्या सरकारच्या नजरेत ते देशद्रोहीच होते. म्हणून २०२४ मध्ये खलिस्तान समर्थक अमृतपाल सिंग जेलमधून पंजाबातल्या खडूर साहिबहून जवळपास दोन लाखांच्या फरकानं निवडून आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला हे खरं, त्याचं राजकारण मला भयंकर वाटतं, पण मतदारांना तो कोण आहे आणि कुठं आहे ते माहीत होतं. गुन्हा सिद्ध झाला तर कायदा त्याचं पद घेईलच, सभागृहानं कोर्टाच्या आधी धावू नये.

मग मतदारांनी पाच वर्षं हात बांधून बसायचं?

हा प्रश्न सगळ्यात खरा आहे. ब्रिटननं यावर २०१५ मध्ये कायदा केला. खासदाराला जेलची शिक्षा झाली किंवा सभागृहानं ठराविक दिवसांपेक्षा जास्त निलंबित केलं की त्याच्या मतदारसंघात सह्यांची मोहीम उघडते, सहा आठवड्यांत १० टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी आणि पोटनिवडणूक. २०१९ मध्ये पीटरबरोच्या खासदार अशाच गेल्या. म्हणजे सभागृह दार उघडतं, बाहेर काढायचं की नाही ते मतदार ठरवतो.

आणि हे परदेशी काही नाही हो, आपल्याकडे थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव आणला तरी तो ग्रामसभेसमोर न्यावा लागतो. गावाला विचारतात. मग विधानसभा मतदारसंघाला का विचारत नाहीत?

निदान साधं बहुमत तरी बदलावं का?

बदलावंच. आपल्याकडे साध्या बहुमतानं हाकलता येतं, म्हणजे सत्ताधारी पक्ष एकट्याच्या जोरावर विरोधकाला काढू शकतो, आज हा, उद्या तो. दोन तृतीयांश ठेवलं तर समोरच्या बाकावरच्यांनाही पटवावं लागेल. १९७८ चा आकडा परत बघा, तटस्थ धरून हजर असलेल्या ४५४ सदस्यांत २७९, दोन तृतीयांशला थोडे कमीच पडतात.

माझ्याच मतदारसंघात ही मागणी चालू आहे, सही करू का?

आधी उमेदवाराचं शपथपत्र काढा, फॉर्म २६, निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट मिळतं. त्यात चालू केसेस, शिक्षा, मालमत्ता, शिक्षण सगळं असतं. ज्या गोष्टीवरून आरडाओरडा चाललाय ती त्यात लिहिलेली आहे का ते शोधा. लिहिलेली असेल तर तुमच्या शेजाऱ्यांनी ती बघून, किंवा बघायची संधी असताना, मत दिलंय. मग त्यांच्याशी बोला, पुढच्या निवडणुकीची तयारी करा. लपवलेली असेल तर मामला वेगळा, निकालापासून ४५ दिवसांच्या आत हायकोर्टात निवडणूक याचिका टाकता येते, आणि ४५ दिवस फार पटकन जातात, म्हणून शपथपत्र आजच काढा.